वेअरवुल्फच्या सिनेमांचे शेवट इतके वाईट का असतात?

कुळागर

धाग्यात सगळ्या सिनेमांचे शेवट उघड सांगितलेत, ज्यांना आधी बघायचे आहेत त्यांनी इथेच थांबा.

पावसामुळे शनिवार-रविवार घरातच जातायत, तेव्हा वेअरवुल्फचे, म्हणजे चावा बसला की रात्री लांडगा होणाऱ्या आणि बहुतेक वेळा चांदीने मरणाऱ्या माणसाचे, जुने-नवे सिनेमे एकामागोमाग एक बघून काढले आणि एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. ड्रॅक्युला मेला की सुटलो म्हणतो आपण, झोंबी किती मेले ते कुणी मोजतही नाही, पण वेअरवुल्फ मेला की पोटात तुटतं. कारण मरतो तो बरा माणूस असतो. बऱ्याचदा कुणालातरी वाचवायला गेलेला असतो आणि तिथेच त्याला चावा बसतो, आणि मग महिन्यातले बाकीचे सगळे दिवस तो पूर्ण शुद्धीवर असतो, रात्री आपल्या हातून काय झालं ते त्याला सकाळी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकावं लागतं.

माझं म्हणणं असं की वाईट शेवट हा दिग्दर्शकाने वरून चिकटवलेला नसतो, गोष्ट सुरू झाली तेव्हाच तो ठरलेला असतो, आणि सगळ्यात जास्त दुखतं ते कुणाच्या हातून मरण येतं त्याने.

१९४१ चा 'द वुल्फ मॅन' घ्या. लॅरी टॅलबट भाऊ गेल्यावर वेल्सला बापाकडे परत येतो, दोघांत बऱ्याच वर्षांचा दुरावा आहे. एका रात्री लांडग्याच्या तावडीतल्या मुलीला सोडवायला धावतो, ती काही वाचत नाही, चांदीच्या मुठीच्या काठीने तो लांडग्याला मारतो पण तोवर चावा बसलेला असतो. पुढे आपण काय झालोय ते कळल्यावर बापाला सांगतो, पण बाप शिकलेला माणूस, त्याला हे सगळं मुलाच्या मनाचं दुखणं वाटतं. शेवटच्या रात्री बाप त्याला खुर्चीला बांधून शिकारीला निघतो आणि लॅरी विनवण्या करून तीच काठी त्याला बरोबर न्यायला लावतो. थोड्या वेळाने धुक्यात बाप त्याच काठीने लांडग्याला मारतो, मारत राहतो, आणि मग त्या लांडग्याच्या जागी त्याला स्वतःचा मुलगा पडलेला दिसतो. बापाचं काम करणाऱ्या क्लॉड रेन्सचा त्या वेळचा चेहरा बघा. एवढ्यावर पण थांबत नाही, बाकीची माणसं पोचतात आणि ठरवून मोकळी होतात की लांडग्याने ग्वेनवर, लॅरीच्या आवडत्या मुलीवर, हल्ला केला आणि लॅरी तिला वाचवायला आला. खरं काय ते फक्त बापाला माहीत आहे (आणि त्या म्हाताऱ्या जिप्सी बाईला, मालेवाला), आणि ते त्याने आता कुणाला सांगायचं?

हे बघून मला दोन दिवस काही सुचलं नाही. तुम्हाला कुठला शेवट असा लागलाय?

शापोरा

कुळागरभाऊ, अर्धं पटलं, अर्धं नाही. सगळ्याच सिनेमांत प्रेमाच्या माणसाच्या हातून मरण येत नाही. १९३५ चा 'वेअरवुल्फ ऑफ लंडन' बघा, युनिव्हर्सल स्टुडिओचा त्याआधीचा. वनस्पतीशास्त्रज्ञ तिबेटात दुर्मीळ फूल शोधायला जातो आणि तिथे चावा बसतो. त्यात सांगितलंय की वेअरवुल्फ आपल्या सगळ्यात जिवाभावाच्या माणसाला मारायला धावतो, म्हणजे त्याची बायको. पण शेवटी गोळी घालतो तो पोलीस अधिकारी, आणि हा मरता मरता त्या गोळीबद्दल त्याचे आभार मानतो! मला तरी तो शेवट बापाच्या काठीपेक्षा कमी वाटत नाही. मारणारा परका आहे आणि तरी मरणाऱ्याला सुटल्यासारखं वाटतंय, यातच त्याने किती सोसलंय ते कळतं.

आणि 'द हाउलिंग', १९८१, दिग्दर्शक जो दांतेचा. त्याचा शेवट तर वेगळ्याच कारणाने डोक्यात बसतो. कॅरन टीव्हीवर बातम्या देणारी, तिला चावा बसलाय, ती ठरवते की लाइव्ह कार्यक्रमात सगळ्या जगासमोर रूपांतर होऊ द्यायचं म्हणजे लोकांना पटेल, आणि सहकाऱ्याला चांदीची गोळी घेऊन तयार ठेवते. होतं तसंच. बोलता बोलता डोळ्यांत पाणी, चेहरा बदलतो, गोळी. आणि घरोघरी टीव्हीसमोर बसलेली माणसं? कुणाला ते ट्रिक सीन वाटतात, कुणी लक्षच देत नाही. पुढच्या सीनमध्ये बारमध्ये एक बाई बसलीय, आपल्याला कळतं की वेअरवुल्फांतली मार्शा जिवंतच आहे, ती बर्गर मागवते, कमी भाजलेला, आणि तव्यावरच्या त्या मांसावर नावं सुरू होतात. म्हणजे बाईने जीव दिला तो फुकट गेला. यात तुमचा बाप-मुलगा कुठे बसतो सांगा.

रात्रपाळी

मी नर्स आहे त्यामुळे मला 'अॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन'बद्दल बोलायलाच हवं, तो पण १९८१ चाच. लोक त्यातलं रूपांतर लक्षात ठेवतात, रिक बेकरने केलेलं, ऑस्करमध्ये मेकअपसाठी दरवर्षीचं बक्षीस सुरू झालं त्यातलं पहिलं त्यालाच मिळालं, आणि आहेच ते भारी, हात लांब होतो तेव्हा आपलीच हाडं दुखतात. पण मला तो सिनेमा फोन बूथमुळे आठवतो.

वेअरवुल्फ झालेल्या डेव्हिडला आता खात्री झालीय की आदल्या रात्रीचे खून आपणच केले. तो अमेरिकेला घरी फोन लावतो. आई-बाबा घरात नाहीत, धाकटी बहीण उचलते, आणि हा पोरगा तिच्याशी अगदी रोजच्यासारखं बोलायचा प्रयत्न करतो, भावाशी भांडू नको वगैरे, आई-बाबांना सांग माझं प्रेम आहे म्हणून, ती तिकडे लहान मुलांसारखी उत्तरं देतेय, तिला काहीच कळत नाहीये. फोन ठेवल्यावर तो खिशातला चाकू काढून मनगटावर धरतो आणि त्याला ते जमत नाही. वॉर्डात रात्री दोन-अडीचला पेशंट घरी फोन लावतात ना, आवाज मुद्दाम चांगला ठेवून, "मी बरा आहे गो, तू झोप" म्हणतात, ते ज्याने जवळून ऐकलंय त्याला तो सीन खोटा वाटूच शकत नाही.

आणि शेवट तर फार क्रूर आहे. गल्लीत कोंडलेला लांडगा, बंदुका रोखलेले पोलीस, त्याची प्रेयसी अॅलेक्स, ती पण नर्सच, त्यांना चुकवून पुढे जाते आणि त्याच्यावर प्रेम आहे म्हणून सांगते. क्षणभर वाटतं त्याने ओळखलं. मग तो झेप घेतो, गोळ्या सुटतात, उघडा पोरगा विटांवर पडलेला, तिचं रडणं, आणि कट. लगेच जोरात 'ब्लू मून' हे नाचायचं गाणं. दुःख करायला एक मिनिट देत नाहीत. शापोरा म्हणतात ते इथे लागू आहे बघा, मारणारे परके आहेत. पण प्रेमाचं माणूस समोर उभं आहे आणि त्याचा काही उपयोग झाला नाही हे जास्त वाईट नाही का?

कुळागर

रात्रपाळीताई, फोनचा सीन माझ्याकडून निसटलाच होता, आज परत बघतो.

तुम्ही दोघांनी मिळून माझं म्हणणं जरा सरकवलंत. हात कुणाचाही असो, प्रेमाचं माणूस तिथे हजर असतं आणि ते त्याला वाचवू शकत नाही, हे समान आहे असं म्हणतो आता. 'हाउलिंग'मध्ये गोळी घालणारा परका नाही, तिचा सहकारी मित्रच आहे, आणि तिने स्वतः सांगितलंय त्याला. लॅरीने काठी दिली तसंच हे झालं. मरणाऱ्यानेच हत्यार हातात द्यायचं, मला वाटतं या गोष्टीतली सगळ्यात जड जागा तीच.

अंत्रुजकर

उशिरा आलो धाग्यावर. मी आमच्या गावच्या जत्रेतल्या मराठी नाटकांत कामं करतो, त्यामुळे माझं बघणं जरा त्या अंगाने. पालखी झाल्यावर मध्यरात्री नाटक उभं राहतं, लोक घरून खुर्च्या आणून जागा धरून बसलेले असतात, बायका पोरांना मांडीवर झोपवून पहाटेपर्यंत बघतात. एवढ्या वर्षांत मी हे पाहिलंय की शोकांत नाटकाला गाव रडतं आणि पुढच्या वर्षी परत तेच लावा म्हणतं, पण नुसता काळाकुट्ट शेवट असला की लोक गप्प उठून जातात, आणि दुसऱ्या दिवशी त्या नाटकाबद्दल कोणी बोलत नाही. दोघांत फरक आहे. शोकांतिकेत माणसाला काहीतरी कळतं, उशिरा का होईना. मरणारा तरी जाणतो, नाहीतर मागे राहिलेला तरी.

म्हणून मला १९६१ चा हॅमर या ब्रिटिश भयपटवाल्या कंपनीचा 'द कर्स ऑफ द वेअरवुल्फ' सगळ्यांच्या वर वाटतो. लिऑनच्या कामात ऑलिव्हर रीड. स्पेनमधली गोष्ट. लिऑनचा जन्मच अन्यायातून झालाय, कैदेत वर्षानुवर्षं डांबून जनावर करून टाकलेला एक भिकारी, त्याने मुक्या दासीवर केलेला अत्याचार, त्यातून हा. नाताळच्या दिवशी जन्मतो म्हणून शापित, बिचाऱ्या पोराने काय केलं होतं? पण डॉन अल्फ्रेदो त्याला पोटच्या मुलासारखं वाढवतो आणि सिनेमा सांगतो की मायेने हा शाप आवरता येतो. लहानपणी आवरतो सुद्धा. मोठा झाल्यावर त्याची प्रेयसी क्रिस्तिना जवळ असते त्या रात्री काही होत नाही! म्हणजे उपाय आहे, नियतीने दार पूर्ण बंद केलेलं नाही, पण समाज त्या दोघांना एकत्र राहू देत नाही. शेवटी तुरुंगातून तो स्वतःच मला मारा म्हणून सांगतो आणि त्याचा बाप, ज्याने त्याला वाढवला तो, क्रूस वितळवून केलेली चांदीची गोळी घेऊन घंटाघरात चढतो. खाली सगळं गाव आरडाओरडा करतंय. गोळी घातल्यावर तो आपला झगा काढून पोरावर पांघरतो. ती पांघरायची जागा नटाने कशी करावी हे शिकायचं असेल तर बघा, घाई नाही, आक्रोश नाही.

याउलट २०१० चा 'द वुल्फमॅन', १९४१ च्याच गोष्टीवरचा. त्यांनी बापालाच मूळ लांडगा आणि खलनायक करून टाकला. अँथनी हॉपकिन्स मोठा नट, पण लेखकांनी त्या बापाचं दुःखच काढून घेतलं. बाप-लेक दोघे लांडगे होऊन मारामारी करतात, मग शेवटी ग्वेन, यात ती गेलेल्या भावाची होणारी बायको, गोळी घालते आणि तो तिचे आभार मानतो. ते ठीक आहे, पण ज्या बापाने न ओळखता मारलं त्याची सर त्याला येत नाही.

मोगरी

अंत्रुजकरदादा +१, पांघरायच्या सीनला मी पण रडले होते.

पण तुम्ही सगळे बाप-मुलगे आणि प्रेमिकांवरच बोलताय, बहिणींबद्दल कोणीच नाही! 'जिंजर स्नॅप्स', कॅनडाचा, २०००. आम्ही दोघी बहिणी एका खोलीत वाढलो त्यामुळे हा सिनेमा माझ्यासाठी बाकीच्या सगळ्यांहून जवळचा आहे. जिंजर आणि ब्रिजिट, घराच्या तळघरातल्या खोलीत राहतात, स्वतःच्या मरणाचे खोटे खोटे फोटो काढतात, जगायचं तर एकत्र मरायचं तर एकत्र अशी लहानपणीची शपथ आहे. जिंजरला पहिली पाळी येते त्याच रात्री चावा बसतो. मग तिचं शरीर बदलतं, मुलं मागे लागतात, चिडचिड, केस, भूक, आणि मोठी माणसं सगळं "वयात आली" म्हणून सोडून देतात. मोठी बहीण आपल्याला सोडून पुढे निघून जाते ते धाकटीला कसं लागतं, हे लांडगा नसता तरी तितकंच खरं असतं.

आणि शेवट. औषध आहे! मंक्सहूड नावाच्या झाडाचं, आपल्याकडे बचनाग म्हणतात त्याच जातकुळीतलं, एका मुलावर वापरून गुण आलेला आपण बघितलाय. ब्रिजिटच्या एका हातात ती सिरिंज आहे आणि दुसऱ्या हातात सुरी. त्याच तळघरातली खोली, भिंतीवर तेच फोटो. जिंजर झेपावते आणि सुरी लागते. ब्रिजिट आधी म्हणालेली असते की मी तुझ्याबरोबर या खोलीत मरणार नाही, म्हणजे शपथ मोडली तिने, जगायचं ठरवलं. आणि मग त्या लांडग्याच्या अंगावर डोकं टेकून शेवटचा श्वास जाईपर्यंत पडून राहते. तिने स्वतःच्या अंगात जिंजरचं रक्त घेतलेलं असतं हे विसरू नका, सिनेमा संपतो तेव्हा ती पण त्याच वाटेवर आहे.

औषध हातात असताना मारावं लागणं याहून वाईट काय असेल?

शापोरा

मोगरी, दुसरा भाग बघितलास का, २००४ चा? तिथे ते औषध नुसतं लांबणीवर टाकतं, बरं करत नाही, आणि ब्रिजिटला शेवटी एक लहान मुलगी तळघरात कोंडून ठेवते, आपल्या शत्रूंवर सोडायला. अंत्रुजकर म्हणतात तो काळाकुट्ट शेवट हाच. कोणाला काही कळत नाही, कोणी रडत नाही. मला तो आवडतो पण परत बघवला नाही.

डिचोलीकडचा

सगळं वाचलं, छान चाललंय. मला एक वेगळं सांगायचंय.

हा शाप अटळ असतो हे सिनेमाने केलंय, जुन्या गोष्टींत तसं नव्हतं. बाराव्या शतकात मारी द फ्रान्सने बिस्क्लाव्हरे नावाच्या सरदाराची गोष्ट लिहिली, तो आठवड्यातले काही दिवस लांडगा होतो, बायको त्याचे कपडे लपवते त्यामुळे त्याला माणूस होता येत नाही. पण राजा शिकारीत त्या लांडग्याची वागणूक बघून त्याला मारत नाही, घरी नेतो, सांभाळतो, आणि शेवटी त्याला कपडे परत मिळतात, माणूस होतो, राजा मिठी मारतो. पोर्तुगालमध्ये पण लोबिझोमेन आहे, सातवा मुलगा असला की होतो म्हणतात, आणि जखम करून त्याचं रक्त काढलं की शाप सुटतो अशी समजूत. म्हणजे सुटका होती.

आता आमच्याकडचं. गोव्यात डिचोलीकडच्या साळ गावचे गडे ज्यांनी बघितलेत त्यांना लगेच कळेल. होळीनंतरच्या रात्री, पांढरं धोतर नेसलेले उघडे गडे, नमन चालू असतं, अवसर येतो, म्हणजे अंगात येतं, आणि लांब डोंगराकडे उजेड दिसला की अंधारात धावत सुटतात. देवचार, म्हणजे गावचा राखणदार, बोलावतो असं मानतात. त्यांच्यातल्या काही जणांना देवचार घेऊन जातो, लपवून ठेवतो, आणि मग बाकीचे गडे जाऊन त्यांना शोधून आणतात, ताठ झालेले, खांद्यावर उचलून. आम्ही लहानपणी देवळाकडे उभे राहून ते यायची वाट बघायचो, अंगावर काटा यायचा. माणूस रात्री आपल्यातून जातो, माणूस म्हणून राहत नाही, पण सगळं गाव जागं असतं आणि त्याला परत आणणारे ठरलेले असतात.

वेअरवुल्फच्या सिनेमात हेच नसतं. लॅरी बापाला सांगतो, बाप ऐकत नाही. डेव्हिड पोलिसांना ओरडून सांगतो मला अटक करा, ते त्याला वेडा समजून हाकलतात. जिंजरचं धाकट्या बहिणीशिवाय घरात कुणाला कळत नाही. लिऑनवर तर गावच उलटतं. माझ्या मते ते चाव्याने मरत नाहीत, एकटे पडतात म्हणून मरतात.

रात्रपाळी

डिचोलीकडचा, हे फार आवडलं आणि तरी पूर्ण पटत नाहीये. अॅलेक्स एकटं टाकत नाही डेव्हिडला. ती घरी नेते, विश्वास ठेवायचा प्रयत्न करते, गल्लीत बंदुकांसमोर जाते. अजून काय करायचं माणसाने? काही आजार असे असतात की सगळं घर उशाशी बसलेलं असतं आणि तरी माणूस जातो. ते एकटेपणाने गेले असं मी त्यांच्या घरच्यांना कधीच म्हणणार नाही. वेअरवुल्फचा सिनेमा त्या घरच्यांचा पण आहे.

डिचोलीकडचा

ताई, मान्य. घरच्यांना दोष द्यायचा नव्हता मला. पण एक बाई आणि सगळं गाव यात फरक आहे, अॅलेक्सच्या मागे कोणीच उभं नाही, तिला तिच्या डॉक्टरशिवाय कोणी मदत करत नाही. तेवढंच म्हणायचंय.

कुळागर

या दोघांच्या मधेच काहीतरी आहे. १९४१ चा सिनेमा लिहिणारा कर्ट सिओडमॅक जर्मनीतला ज्यू होता, नाझी आल्यावर देश सोडून निघाला, इंग्लंड आणि मग अमेरिका. त्या सिनेमात वेअरवुल्फला पुढच्या बळीच्या तळहातावर चांदणीची खूण दिसते. ज्याच्या लोकांना पुढे कपड्यांवर चांदणी लावायला लावली त्या माणसाने हे लिहिलंय म्हटल्यावर ती खूण बघताना वेगळंच वाटतं. काल शेजारी होता तो आज लांडगा झालाय, आणि तू काहीही कर, तुझ्यावर खूण पडलीय. गाव जागं राहून परत आणेल हा विश्वासच त्याचा उरला नसणार.

आणि सिनेमावाल्यांनी सुटका देऊन बघितली पण आहे. १९४५ च्या 'हाउस ऑफ ड्रॅक्युला'त डॉक्टर लॅरीला ऑपरेशन करून चक्क बरा करतो, तो चंद्राखाली उभा राहतो आणि काही होत नाही. पुढच्या सिनेमांसाठी त्याला परत जिवंत केलेला, आणि याआधी दोन सिनेमे तो फक्त मरण मागत फिरत होता, त्यामुळे मला त्याच्यासाठी खरंच बरं वाटलं. पण १९४८ च्या विनोदी सिनेमात तो परत वेअरवुल्फ, ऑपरेशनचा उल्लेख पण नाही. तिकीट विकायला त्याला परत शापात ढकलला, याचा मला राग आहे.

मोगरी

नवा २०२५ चा 'वुल्फ मॅन' कोणी बघितला? बऱ्याच जणांना तो आवडला नाही, मला लागला. त्यात रूपांतर एका रात्रीत होतं, हळूहळू, आणि कॅमेरा मधेच नवऱ्याच्या बाजूने जातो, तेव्हा बायको आणि लहान मुलगी बोलतायत ते त्याला नुसते आवाज ऐकू येतात, शब्द नाही. तो त्यांच्याकडे बघतोय, ओळखतोय, पण भाषा गेली. माझ्या आजोबांचं शेवटी असंच झालं होतं, आम्ही बोलायचो आणि ते नुसते तोंडाकडे बघत राहायचे. रात्रपाळीताई म्हणतात तो घरच्यांचा सिनेमा हाच. शेवटी मुलगीच आईला सांगते की बाबांना आता हे संपायला हवंय, आणि आई गोळी घालते.

अंत्रुजकर

बघितला नव्हता, आता बघतो. हिंदीत १९९२ चा 'जुनून' आठवतो, महेश भट्टचा, राहुल रॉय पौर्णिमेला वाघ होतो. लांडग्याऐवजी वाघ घेतला ते बरोबरच केलं, आपल्याकडे गोव्यात सत्तरी तालुक्यात वाघाला देव म्हणून पुजतात, लांडग्याची भीती आपल्या रक्तात नाही. पण त्या सिनेमाने वाघ होणाऱ्या माणसाचं दुःख फारसं हाती घेतलं नाही. आपल्या मातीतला असा एक शोकांत सिनेमा व्हायला हवा. साळच्या रात्रीसारखं काही, आणि ज्याला शोधायला गेले तो सापडला पण परत आला नाही, मग त्या गावाने काय करायचं. कोणी लिहीत असेल तर मी कामाला तयार आहे, पैसे नकोत.

शापोरा

मी कॅमेरा धरतो.

नवीन वाचणाऱ्यांसाठी: कुठून सुरू करू विचारणारे दोन मेसेज आलेत. १९४१ चा आधी, ७० मिनिटांचाच आहे, मग १९६१ चा, मग 'अमेरिकन वेअरवुल्फ', मग 'जिंजर स्नॅप्स'. 'हाउलिंग' शेवटी ठेवा, आणि सगळे एकाच आठवड्यात बघू नका.